पुढे ठरवता येत नाही

'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी छत्तीस वर्षं काढला आणि तपासला. रिकामी जागा म्हणजे शून्य गुण, हा आपल्याकडचा नियम. त्यामुळे येत नसलं तरी मुलं काहीतरी खरडून येतात, आणि मोठेपणी आपणही तेच करतो. माझ्या मते या सवयीवरचं औषध ज्युरासिक काळातल्या समुद्री गोगलगाईंकडे आहे. हसू नका, सांगते.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला खोकंभर दगड भेट दिले. तो आता कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. दगड कच्छमधले, सगळे शंखांचे जीवाश्म. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी आणि इतिहासाची बाई, पण दोन दुपारी भिंग घेऊन तो शेजारी बसला आणि एकेक दगड समजावून देत गेला. चोवीस दगडांपैकी पाचांना त्याने पूर्ण नाव दिलं, नऊंना अर्धं, आणि उरलेल्या दहांपुढे लिहायला सांगितलं, 'उदरपाद. पुढे ठरवता येत नाही.'

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. "बाई, पाहुणे बघायला येणार. दहा चिठ्ठ्यांवर 'माहीत नाही' कसं लिहायचं? जवळचं एखादं नाव टाका. कोण तपासायला येतंय?"

या 'कोण तपासायला येतंय' वरच मला आज लिहायचं आहे. पण आधी ही नावं ठरतात कशी, ते बघू.

ज्युरासिक काळ म्हणजे सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळात कच्छमध्ये समुद्र शिरला होता, त्याच्या तळाच्या गाळाचे आज खडक झालेत. आपल्या सह्याद्रीत हे शंख शोधून उपयोग नाही. आपला काळा दगड लाव्हाचा, आणि तोही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पुष्कळ अलीकडचा.

पहिला प्रश्न, ही गोगलगाय आहे का? वेटोळं दिसलं की आपण शंख म्हणून मोकळे होतो. देवघरातला शाळिग्राम घ्या. गंडकीतले बहुतेक शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, आणि अमोनाइट हा गोगलगाईपेक्षा माकुळाच्या जवळचा प्राणी. त्याच्या शिंपल्यात आतून पडदे असतात, खोल्या केल्यासारखे. गोगलगाईचा शंख म्हणजे सहसा बिनपडद्याची एकच वळत गेलेली नळी.

मग शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. (गंमत म्हणजे आपण 'दक्षिणावर्ती' म्हणून ज्या दुर्मिळ शंखाची पूजा करतो, तो या हिशेबात डावा ठरतो!) मग उंची, वेढे किती, वेढ्यांवर रेघा आहेत की गाठी, तोंडाचा आकार कसा, असं एकेक बघत जायचं.

काही गोगलगाई ओळख पटवायला मदत करतात. प्लुरोटोमारिया नावाच्या शंखाच्या तोंडाला एक खाच असते, आणि शंख वाढत जातो तशी त्या खाचेची पट्टी प्रत्येक वेढ्यावर उमटत जाते. या कुळातल्या आजही समुद्रात असलेल्या एका गोगलगाईचं वर्णन १८५६ साली छापून आलं. तोवर हे कुळ केवळ जीवाश्मांतूनच ठाऊक होतं. नेरिनिया बाहेरून इतर उंच शंखांसारखीच दिसते, पण उभी कापली की आतल्या भिंतींवर घड्या दिसतात. म्हणजे नाव ठरवण्यासाठी कधीकधी दगड कापावा लागतो.

आता अडचण. गोगलगाईचा शंख बहुतांशी ॲरागोनाइट या खनिजाचा असतो आणि ते सहज विरघळतं. कालवांचं कवच कॅल्साइटचं, ते टिकतं. शंख विरघळून जातो आणि आत भरलेला चिखल तेवढा दगड होऊन उरतो. कुल्फीचा साचा आठवा. साच्याच्या बाहेरच्या अंगावर कितीही नक्षी असो, कुल्फीवर ती उमटत नाही. आमच्या खोक्यातले ते दहा दगड म्हणजे अशा कुल्फ्या. बाहेरच्या रेघा, गाठी, खाचेची पट्टी, सगळं गेलेलं. त्यांना पूर्ण नाव देणं म्हणजे सावलीवरून माणसाचं आडनाव सांगणं.

शिवाय दिसण्यावर भरवसा ठेवावा तर तीही पंचाईत. जुन्या अभ्यासकांनी गोल गरगरीत ज्युरासिक शंख दिसला की त्याला 'नॅटिका' म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यातले कितीतरी शंख उचलून वेगळ्या कुळांत ठेवले. आज नातं ठरवताना शंखाच्या अगदी टोकाशी असलेला, पिल्लाच्या अवस्थेतला बारीकसा शंख फार महत्त्वाचा मानतात. जीवाश्मात नेमकं तेच टोक बहुधा मोडलेलं असतं.

पण न कळण्यालाही या शास्त्रात व्याकरण आहे, आणि भाषेची बाई म्हणून मला ते फार आवडलं. प्रजाती कळली पण जाती नाही (ही जात आपली ती नव्हे), तर तसं लिहायची खूण आहे. एखाद्या जातीसारखा वाटतो पण खात्री नाही, तर मध्ये 'कन्फर' या लॅटिन शब्दाचं लघुरूप घालतात, अर्थ 'ताडून पाहा'. त्या जातीच्या जवळचा, पण तो नव्हे असं वाटलं तर 'ॲफिनिस'. किती कळलं आणि कुठे थांबलो, हे वाचणाऱ्याला नेमकं समजतं.

आता 'कोण तपासायला येतंय' याचं उत्तर. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छमधून नेलेल्या जीवाश्मांची वर्णनं सॉवर्बी यांनी १८४० साली प्रसिद्ध केली. पुढे वागेन यांनी १८७३ ते १८७५ मध्ये तिथल्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला. गोगलगाई मात्र बराच काळ मागे राहिल्या. २००० साली जैटली, साबो आणि फ्युर्सिश यांनी कच्छच्या गोगलगाईंवर सविस्तर लेख लिहिला. म्हणजे सॉवर्बींनंतर १६० वर्षांनीही कोणीतरी भिंग घेऊन बसतंच! कच्छचे जीवाश्म मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतल्या जीवाश्मांशी जुळतात, आणि अशा जुळण्यांवरून त्या काळी कोणते समुद्र एकमेकांना जोडलेले होते ते ठरवतात. कोणी 'जवळचं एखादं नाव' टाकून ठेवलं, तर नकाशावर एक खोटा समुद्र तयार होतो. कोरी जागा पुढच्याला भरता येते. खोट्या नावाचं तसं नाही. ते खोटं आहे हे आधी कळावं तर लागतं.

मी चिठ्ठ्या विद्यार्थ्याने सांगितल्या तशाच लिहिल्या, फक्त प्रत्येकीवर गाव आणि खडकाचा थर ठळक अक्षरात घातला. गाव माहीत असेल तर नाव उद्या मिळू शकतं, गावच हरवलं तर तो नुसता दगड. पदाधिकारी अजून थोडे नाराज आहेत, चालायचंच. मुलं मात्र पूर्ण नावाच्या पाच दगडांपुढून भराभर सरकतात आणि त्या दहांपाशी थांबतात. "का नाही ठरवता येत?" असं विचारतात. शाळेत याहून चांगला प्रश्न कोणता असतो?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की परीक्षेतसुद्धा 'मला इथपर्यंत कळलं, पुढे या कारणाने ठरवता येत नाही' असं लिहिणाऱ्या मुलाला गुण मिळावेत. अर्धे तरी. तुम्ही पेपर तपासत असता तर दिले असते का?