संशोधकाचे दफ्तर व शेतकऱ्याचा शब्द

शेतकी संशोधक म्हणजे सावलीत बसून सरकारी पगार खाणारा व कागद रंगविणारा गृहस्थ, अशी समजूत आमचे कित्येक कृषिबांधवांत दृढ झालेली आहे. हाच आरोप आम्हां महसूल खात्यातील कारकुनांवरही होत असे. आणि आमचेपुरते बोलावयाचे तर तो अगदीच खोटा नव्हता. संशोधकाविषयी मात्र तो अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. शास्त्राची मीमांसा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु दफ्तर कशास म्हणतात हे आम्ही जाणतो, आणि संशोधकाचे निम्मे आयुष्य दफ्तरातच जाते.

उसाचेच उदाहरण घेऊ. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस-पैदाशीचे केंद्र स्थापन झाले. तेथील हवेत उसास तुरा येऊन बी धरते, म्हणून ती जागा पसंत पडली. बार्बर व वेंकटरामन यांनी तेथे जाड, गोड उसाचा कास या रानटी जातीशी संकर केला व त्यातून निघालेला ‘को २०५’ हा वाण १९१८ साली बाहेर पडला. नावातील ‘को’ हे अक्षर त्या गावाचे. हकीकत दोन ओळींची. परंतु तिच्यामागील दिनचर्या पाहण्याजोगी आहे.

तुऱ्यांच्या हंगामात संशोधकास पहाटेच मळ्यात हजर राहावे लागते, कारण पराग सकाळीच सुटतो. एका उसाचा पराग दुसऱ्याच्या तुऱ्यावर पाडावयाचा, चिठ्ठी बांधावयाची, वहीत नोंद करावयाची. त्या बारीक, केसाळ बियांपासून हजारो रोपे होतात, आणि त्यांतील प्रत्येक रोपाचा गुण निराळा. प्रत्येकाची जाडी, फुटवे, रसातील साखर हे सारे पाहून लिहावयाचे, आणि बहुतेक रोपे उपटून टाकावयाची. उरलेल्यांची टिपरी लावून पुन्हा तीच परीक्षा. मग चाबूक काणीची भुकटी बेण्यास जाणूनबुजून लावून कोण टिकतो ते पाहावयाचे. गोडीत पहिला आलेला ऊस काणीत नापास झाला, तर तसे लिहून तो टाकावा लागतो; तेथे माया चालत नाही.

शेताचा एक कोपरा कसदार व दुसरा हलका असतो, हे आपणांस ठाऊकच आहे. म्हणून एकच वाण एकाच शेतात तीनचार ठिकाणी लावतात. पुढे निरनिराळ्या गावी लागण व खोडवा दोन्ही पाहतात. एकेका लागणीस वर्ष, दीड वर्ष जाते. आपल्या परिचयाच्या ‘को ८६०३२’ या वाणातील ८६ हा आकडा १९८६ सालाचा. तो महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे हाती येईपर्यंत दशक तरी लोटले. तीस वर्षांच्या नोकरीत असे दोनतीनच फेरे पुरे होतात, आणि फेरा संपला म्हणजे नवा वाण निघतोच असे नाही. यश आलेच तर ते वाणाचे नावे. संशोधकाचे नाव बांधावर कोणी घेत नाही.

आता आमची एक कबुली. नोकरीत असता एका वर्षी पीक कापणी प्रयोगाचे काम आमचेकडे आले. नेमलेल्या शेतात जाऊन, तुकडा मोजून, कापणी करून वजन घ्यावयाचे होते. ओढ्यास पाणी होते, अंगात आळस होता. आम्ही चावडीत बसून गतवर्षीच्या आकड्यात थोडा फेरफार करून नवा आकडा लिहिला. पैसेवारी ठरे ती अशाच आकड्यांवरून. त्या वर्षी पिके बसली होती. आमचे आकड्याने कोणाची सूट बुडाली असेल हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही, आणि तेच मनास टोचते. एक वाईट ऊसही वहीत खरा लिहिणाऱ्या संशोधकाचा मोठेपणा आम्हांस कळला तो या टोचणीमुळे.

हे सांगण्याचे कारण असे की, संशोधकाचा शेवटचा प्रयोग आपल्याच शेतात होतो. तेथे कित्येकजण साहेब खूश व्हावा म्हणून नव्या वाणास जादा खत-पाणी देतात. कित्येक सारा ऊस एकत्र तोडून वजन अंदाजाने सांगतात. दोघेही आम्ही चावडीत केले तेच करतात. आणि अशा आकड्यावर विसंबून उद्या शेजाऱ्याने कर्ज काढून तोच वाण लावला, तर त्याच्या बुडण्याचे पाप कोणाचे माथी?

आमची सूचना साधी आहे. प्रयोग घेणाऱ्या प्रत्येक सभासदास संस्थेने एक वही द्यावी. नवा वाण व नेहमीचा वाण शेजारी शेजारी, सारख्याच खत-पाण्यावर लावावा. लागणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, रोग व तोडणीचे वजन दोहोंचे स्वतंत्र लिहावे. वाण पडला तर पडला असेच लिहावे. संशोधकांसही आमची विनंती आहे की, त्यांनी केवळ गाजलेले वाण न सांगता कोणते टाकले व का टाकले, हेही गावोगावी येऊन सांगावे.

दहा वर्षे पहाटे उठून ज्याने खरे लिहिले, त्याच्या वहीचे शेवटचे पान आपले हाती आहे. ते तरी आपण खोटे लिहू नये, इतकेच आमचे मागणे.