ताळा मागा

14,75,73,95,25,89,67,64,12,927. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे 2 चा 67वा घात उणे 1. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1644 मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. 1876 मध्ये गणितज्ञ ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती लागला नव्हता. तो मान 1903 मध्ये अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांना मिळाला: 193707721 आणि 761838257287. कोल यांनी गणितज्ञांच्या सभेत तोंडातून अवाक्षर न काढता फळ्यावर गुणाकार मांडला आणि ते जागेवर जाऊन बसले, अशी गोष्ट सांगतात. ती रंगवली गणिताच्या गोष्टी लिहिणाऱ्या एरिक टेम्पल बेल यांनी, आणि बेल तिखटमीठ लावायला कचरणारे नव्हते. तेव्हा ती कितपत खरी मानायची हे ज्याचे त्याने ठरवावे. गुणाकाराचे तसे नाही. तो कुणालाही करून पाहता येतो. आपल्या शाळांतून हा ताळा पाहण्याचा संस्कारच निसटला आहे, असे मला वाटते. मूळ अवयव शिकवायचे ते लसावि-मसाविपुरते, आणि गुण द्यायचे ते उत्तराला.

शोधणे किती अवघड आणि तपासणे किती सोपे, हे या संख्येइतके स्वच्छ क्वचितच दिसते. तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला 134 ने भागले तर बाकी 1 उरलीच पाहिजे. एवढी चाळणी लावूनही लहानापासून एकेक संख्या घेत गेलो, तर पहिला अवयव 14,45,580व्या क्रमांकावर भेटतो. (कोल यांची वाट अर्थातच याहून चतुर होती.) तपासायला मात्र एकच गुणाकार. ल्युका यांची सिद्धता पक्की होती, पण ती पडताळायची तर सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागते. कोल यांच्या दोन संख्यांपुढे ते ओझेच उरत नाही.

संगणक हे अवयव क्षणात काढतो, मग मुलांना कशाला राबवायचे, असे कोणी म्हणेल. पण संगणकाचीही दमछाक होते. 2020 मध्ये आरएसए या गुप्तलेखन पद्धतीसाठीची 250 अंकी संख्या फोडायला एका गाभ्याच्या हिशेबाने सुमारे 2700 वर्षांचे काम लागले, आणि आज संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी 617 अंकी संख्या सर्रास वापरतात. शोधणे यंत्रावर सोपवले तरी त्याने दिलेले उत्तर तपासता आले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पूर्ण गुणाकार टाळून नऊने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या जुळवून पाहायच्या, तर हा नऊचा ताळा फसवतो. इथे दोन्ही अवयवांची आणि गुणाकाराची बाकी 1 येते खरी, पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी ती 1च राहील. म्हणून जोडीला अकराचा ताळा घ्यावा. ही चूक तो पकडतो. अवयवांच्या बाक्या 9 आणि 8, गुणाकार 72, त्याची बाकी 6. आणि त्या एकवीस अंकांचीही 6च.