शिफारशीचा परिवार
डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या दफ्तरी एका पॅकेजचे दुसऱ्याशी असलेले संबंध मुख्यत्वे तीन प्रतींचे नोंदले जातात: ज्यावाचून कार्यच संभवत नाही ते अवलंबन, अपवादात्मक परिस्थिती वगळता जे सोबत असावे ती शिफारस, आणि केवळ सोयीखातर केलेली सूचना. यांपैकी शिफारशीला २००९ सालच्या ‘लेनी’ आवृत्तीपासून जवळजवळ हुकमाचेच सामर्थ्य प्राप्त झाले. आणि एका पाहुण्यास आमंत्रण धाडावे व त्याच्या आप्तस्नेह्यांनी ओसरी भरून टाकावी, तद्वत एखादे लहानसे साधन मागविणाऱ्याच्या डिस्कवर न मागितलेला परिवार ठाण मांडू लागला. हा निर्णय मला सर्वस्वी अनुचित वाटत नाही, कारण नवख्या मनुष्याच्या हाती अर्धवट चालणारा प्रोग्राम पडण्यापेक्षा चार फायली अधिक आलेल्या परवडतात. तुटपुंज्या जागेच्या सर्व्हरवर मात्र ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय आज्ञेसोबत लिहिणेच इष्ट. निष्कासनाचा मामला याहून चिवट आहे: ‘ऑटोरिमूव्ह’ची आज्ञा सोडली तरी, प्रणालीवरील एखादे पॅकेज ज्याची शिफारस अद्याप करीत आहे, त्याला ‘एप्ट’ हा कारभारी, आपण तसे स्पष्ट फर्मावल्याखेरीज, बेदखल करीत नाही.