फक्त एवढेच करा!

संगणकावरची कुठलीही शिकवणी उघडा. पहिल्या पाच-सहा ओळींत एक शब्द हटकून भेटतो : 'फक्त'. फक्त हे उतरवून घ्या, फक्त इथे टिचकी मारा, फक्त ही ओळ लिहा. नवशिक्याचा जितका पाणउतारा हा शब्द करतो तितका दुसरा कुठला करत नसेल. कारण ते 'फक्त' जमले नाही की माणूस साधनाला दोष देत नाही, स्वतःलाच देतो.

प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून एक नावाजलेले साधन मी मध्यंतरी उघडले. (नाव घेत नाही, त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत.) पडद्याचे चार तुकडे, वर इवल्याइवल्या चित्रांची रांग, एकाखालीही शब्द नाही. एक ओळ लिहिण्याआधीच प्रश्न आला, 'वर्कस्पेस' कुठे ठेवू? ती काय चीज असते हे सांगायला कोणी नाही. व्हिडिओतले गृहस्थ म्हणाले, "आता उजवीकडे हिरवे बटण दिसेल." त्यांच्या पडद्यावर ते होते, माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत त्याने घर बदलले होते. दोन शब्द पडद्यावर उमटवायचे होते, तर उमटल्या तांबड्या अक्षरांच्या तीसेक ओळी. नेमके काय बिघडले ते सोडून त्यांत बाकी सगळे होते!

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले : "विषयच अवघड आहे हो, चिकाटी हवी." हे अर्धेच खरे. अवघड साधनसुद्धा नवख्याशी नीट बोलू शकते. पाहायचे असेल तर उज्जैनच्या वेधशाळेत जा.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात पाच वेधशाळा उभारल्या, त्यांतली ही एक. १९२३ मध्ये शिंद्यांच्या राज्यात तिचा जीर्णोद्धार झाला आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. तिथले सम्राट यंत्र पहिल्यांदा पाहणारा चक्रावतोच. मधोमध एक जिना, जो कुठल्याही माडीवर जात नाही! पण त्याच्या भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर पडते, तिथल्या खुणांवरून वेळ वाचता येते. ही वेळ मात्र तुमच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे असते (आपल्या पणजीत हाच फरक सुमारे ३५ मिनिटांचा), आणि सूर्य वर्षभर एका चालीने चालत नसल्याने तो तारखेनुसार कमी-जास्त होतो. म्हणून तिथे कोष्टक दिले आहे : अमुक दिवशी इतकी मिनिटे मिळवा.

मला महत्त्वाचे वाटते ते हे कोष्टक. पाहणारा नेमका कुठे अडखळणार हे कुणीतरी आधी ओळखले आणि त्याच जागी उत्तर ठेवले. खगोलशास्त्र त्यामुळे सोपे झाले नाही, पण पाहणारा स्वतःला मूर्ख समजून परत फिरत नाही.

संगणकाच्या जगातही हे जमते. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी 'स्क्रॅच' खुले केले. त्यात आज्ञा म्हणजे रंगीत ठोकळे. जे एकमेकांशी जुळू नयेत ते जुळतच नाहीत. तांबड्या ओळींची दहशत तिथे नाही.

हे सगळे आपल्या गोव्याशी संबंधित आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये शाळांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आणली, हे चांगलेच झाले. पण पेडणे-सत्तरीतले, काणकोणातले आपले पोर चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकते, पाचवीला इंग्रजीच्या पाण्यात पडते, आणि हातपाय मारत असतानाच त्याच्यापुढे हा पडदा येतो. त्याला अडवणारे तर्कशास्त्र नसते. ते त्याला भजनाच्या ठेक्यावरून आणि माटोळीच्या बांधणीवरून ठाऊक असते. अडवतात ते न समजलेले दोन शब्द आणि न सापडलेले एक बटण. "मला संगणकातले कळत नाही" हा शिक्का ते अकराव्या वर्षीच स्वतःवर मारून घेते, आणि पुढे तो पुसायला कोणी येत नाही.

म्हणून आपल्यातल्या जाणत्यांना एक विनंती. मराठीत, कोंकणीत असल्या शिकवण्या लिहा. आधी शेजारच्या मुलाला समोर बसवा, तोंडाने काही सांगू नका, तो कुठे थांबतो ते नुसते पाहा. तिथे दोन ओळी जास्त लिहा. आणि लिहून झाल्यावर त्यातले सगळे 'फक्त' खोडून टाका.