बागेला मार्क देऊ नका!

वृद्धाश्रम पाहून आलेले नातेवाईक सांगतात, "किती छान बाग आहे हो!" अहो, आई बागेत झोपणार आहे का? मास्तरकीत मी शाळेच्या खूप तपासण्या पाहिल्या. साहेब येणार म्हटलं की फळ्यांना काळा रंग लागायचा. कळवून गेलं की सगळं छानच दिसतं!

तेव्हा न कळवता जा, संध्याकाळी जेवणाच्या वेळी. विचारा, रात्री किती जणांमागे एक सेविका? घंटा उशाशी हाताला लागते का? न्हाणीघरात धरायला दांडा आहे? कोण पडलं, अंथरुणात पडून कुणाला जखमा झाल्या, याची वही दाखवता? "आमच्याकडे कुणी पडतच नाही," असं उत्तर आलं तर खुशाल समजा, पडतात पण लिहीत नाहीत.

२००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम आहे, पण सरकार तो काढू 'शकेल', एवढंच! वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सांगणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं. २०२४ मध्ये ती लोकसभा संपली, विधेयकही बारगळलं.

साहेबांची वाट पाहू नका मंडळी. तपासणी आपणच करायची, आणि दर महिन्याला करायची.