मनाचाही पंचनामा करा



पूर ओसरला की तलाठी भाऊसाहेब येतात, आमच्या कृषी खात्याचा माणूस येतो. पीक किती गेले, जनावरे किती दगावली, कोणती भिंत पडली, सारे कागदावर उतरते. माणसाच्या मनाचे काय झाले हे मात्र कोणी लिहून घेत नाही.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी फुगली आणि बदलापूर, कल्याण परिसरात पाणी घराघरांत शिरले. जुलै २०१९ मध्ये पुन्हा पूर आला. असा पूर पाहिलेल्या माणसाच्या छातीत पुढे आभाळ भरून आले तरी धडधडते. आपला शेतकरी 'मन खचले' असे म्हणत नाही. झोप नाही, अन्न गोड लागत नाही, डोके जड आहे, असे सांगतो. हे वेड नव्हे. मोठ्या धक्क्यानंतर मन असे हलतेच, आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत सावरते.

तोवर शेजाऱ्यांनी जवळ जाऊन बसावे. खोदून विचारू नये. तो आपणहून बोलला तर मध्ये न तोडता ऐकावे. 'दुसऱ्याचे तर याहून जास्त गेले' असे म्हणू नये. आवणीचे नांगे भरायचे असतील तर चार घरांनी मिळून भरावेत. घरची बाई रडत नाही, रांधते-वाढते, म्हणून ती ठीक आहे असे समजू नये.

ज्याची त्याची रीत पाळू द्यावी. शेजारच्या रायगडात जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली. कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. अशा घरी कोणता विधी करायचा, ते त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी ठरवावे. पाड्यावर कोणी भगताकडे गेला तर हसू नका. मात्र डॉक्टरांनाही दाखवायला सांगा.

महिना उलटूनही झोप नसेल किंवा दारू वाढली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा फोन मोफत असून रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येते. कोणी 'आता जगून काय करू' म्हणाला, तर महिन्याची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि कीटकनाशकाचे डबे आधी कुलपात ठेवा.

खरवडून गेलेल्या जमिनीत आपण वर्षानुवर्षे शेणखत घालतो, तेव्हा ती पुन्हा पिकते. माणसालाही तेवढा अवधी द्या.