पहिल्या मालकाचा तोटा आपण का सोसावा?

“खिशात पैसे आहेत, मग दुसऱ्याने चालवलेली गाडी कशाला?” सोलापुरात स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. त्यामागे तीन आक्षेप असतात. पहिल्या मालकाने गाडी रगडलेली असते, जुन्या गाडीला वॉरंटीचा आधार नसतो आणि लक्ष्मी म्हणून दारात आणायची ती कोरीच हवी. हे आक्षेप मनापासूनचे आहेत, म्हणून त्यांना उत्तरही नीट द्यायला हवे. माझे मत स्पष्ट आहे. एमएच 13 पासिंगची वेगवान गाडी हवी असेल, तर दोन-अडीच वर्षे वापरलेली, कागदपत्रे चोख असलेली आणि महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी घ्यावी.

आधी पैशाचे बघू. देशात बांधलेली, 50 लाख रुपये शोरूम किमतीची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली, तर राज्याचा वाहनकर 13 टक्के, म्हणजे साडेसहा लाख. गाडी विकताना तो परत मिळत नाही. विम्यासाठी गाडीची किंमत धरण्याचा रूढ तक्ता सांगतो, की सहा महिन्यांनंतर 15 टक्के, वर्षानंतर 20 टक्के आणि दोन वर्षांनंतर 30 टक्के घसारा. म्हणजे तिसऱ्या वर्षात याच गाडीची विम्यातली किंमत उरते 35 लाख. बाजारभाव थोडा वर-खाली होईल, पण सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाच्या माथी पडलेली असते, हे खरेच. राज्यातल्या राज्यात नाव बदलताना हा कर पुन्हा भरावा लागत नाही. दिल्ली किंवा बंगळुरूची गाडी स्वस्त दिसते, पण ती इथे कायम ठेवायची तर एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सगळे मागे लागते. म्हणून महाराष्ट्रातलीच गाडी हा आग्रह.

यावर कोणी म्हणेल, की काही गाड्यांची किंमत पडतच नाही. बरोबर आहे. स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस 245 भारतात 2020 मध्ये आणली ती 35.99 लाखांना, फक्त 200. 2025 मध्ये नवी आरएस आली 49.99 लाखांना, फक्त 100. अशा गाड्यांना घसाऱ्याचा तक्ता लागू पडत नाही. पण त्या शंभरात ज्याचे नाव लागले नाही, त्याच्यापुढे तरी वापरलेल्या गाडीशिवाय कोणता रस्ता उरतो? हा अपवाद माझ्या मताला बळच देतो.

आता रगडलेल्या गाडीविषयी. ही भीती खोटी नाही, पण तिची तपासणी करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पट्ट्यावर, आत गुंडाळलेल्या भागात, गाळाची रेघ सापडते. बाहेरून कितीही पॉलिश मारले तरी तिथपर्यंत सहसा कोणाचा हात जात नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘3521’ म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. 2023 च्या, आठ हजार किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखवलेल्या गाडीला 2025 चे टायर असतील, तर ते का बदलले हे विचारा. मीटर मागे केल्याचा संशय आला, तर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकांतले किलोमीटर आणि सर्व्हिसच्या नोंदी ताडून बघा. नुसती उभी ठेवलेली गाडीही निर्दोष नसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी बसते, रबर कडक होते आणि पावसाळ्यात ब्रेकच्या चकत्यांना गंज चढतो. नियमित चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी त्यापेक्षा केव्हाही भरवशाची.

वॉरंटीचा आक्षेप तर अर्धवट माहितीवर उभा आहे. कंपनीची वॉरंटी बहुधा गाडीला असते, त्यामुळे उरलेला काळ नव्या मालकाला मिळतो. पोर्शेसारख्या कंपन्या 111 मुद्द्यांवर तपासलेल्या वापरलेल्या गाड्या स्वतःच वॉरंटीसह विकतात. आणि सोलापूरकराने पोर्शे कोरी घेतली काय किंवा वापरलेली घेतली काय, मोठ्या कामासाठी तिला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावेच लागते.

राहिला लक्ष्मीचा प्रश्न. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत खंडेनवमीला पूजा होते ती वर्षानुवर्षे चाललेल्या मागांची. ज्याच्यावर घर चालते त्याला हात जोडायचे, ही आपली रीत. कोरेपणाची अट तिथे कधीच नव्हती. मग ती गाडीलाच का लावायची?

वाचलेले पैसे कुठे घालायचे, हेही सांगायला हवे. आधी चार उत्तम टायर, ब्रेकचे नवे ऑइल आणि पॅड, पूर्ण विमा आणि जमल्यास सर्किटवर जाऊन शिस्तीने चालवण्याचे शिक्षण. गाळपाच्या हंगामात पंढरपूर किंवा मोहोळच्या बाजूला रात्री निघालात, की मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर उभी ठाकते. त्या क्षणी टायर आणि ब्रेकच कामाला येतात. कोऱ्या गाडीच्या हप्त्यात सगळे पैसे ओतून टायरवर काटकसर करणारा मालक स्वतःला आणि रस्त्यावरच्या लोकांना धोक्यात घालतो.

सर्व्हिसच्या नोंदी नाहीत, कर्जाचा बोजा उतरलेला नाही किंवा विकणारा तपासणीला नाही म्हणतो, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तशा गाडीपेक्षा कोरी बरी, हे मी विनाशर्त मान्य करतो. पण कागद चोख आणि गाडी निरोगी असेल, तर केवळ ‘पहिला मालक’ म्हणवून घेण्यासाठी दहा-पंधरा लाख मोजणे हा कष्टाच्या पैशाचा अपमान आहे. गाडी चालवण्यासाठी घ्या, आणि ती नीट चालवता येईल एवढे पैसे हातात राखून घ्या.